वाघर हलीव

विहिरीवरची मोटर जळाली होती, म्हणून लालासाहेब त्या दिवशी मलकापुरात आला होता. मे महिना, उसाला पाणी हवं, आणि मोटर नेमकी तेव्हाच जळायची, हा तिचा दरवर्षीचा शिरस्ता. रिवायंडिंगवाल्याच्या दुकानात बाकावर बसून तो टीव्ही बघत होता. सरहद्दीवर लढाई पेटून आठ दिवस झाले होते. शेजारी बसलेले दोघं चहा पीत इथूनच लढाई चालवत होते. कुठं रणगाडे घालायचे, कुठून विमानं वळवायची, सगळं त्यांचं ठरलं होतं. लालासाहेब गप्प होता. पलटणीत वायरलेसवर सगळी नोकरी करून हवालदार म्हणून तो घरी आलेला. नव्व्याण्णवच्या लढाईत तो डोंगरावर होता हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि तो त्याबद्दल कधी बोलत नाही हेही. लोक त्याला त्याचा मोठेपणा समजत.

फोन वाजला. म्हसवडजवळच्या वाडीतून रंगुबाईचा होता.

"दादा, सूरजला धरलंय." तिचा श्वास लागला होता. "गद्दार म्हनत्यात त्याला. माझ्या सूरजला गद्दार."

रंगुबाई म्हणजे सिद्धूची बायको. सिद्धू धनगराचा पोरगा, लालासाहेब बागायतदाराचा. घरी असते तर एकमेकांचं तोंडही बघितलं नसतं. पलटणीत मात्र एका ताटात जेवायचे. सिद्धू त्या लढाईत गेला तेव्हा सूरज आईच्या पोटात होता. तेव्हापासून लालासाहेब दर भाऊबीजेला रंगुबाईकडं जायचा, ओवाळून घ्यायचा, आणि परत येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून बसायचा. सूरज बापासारखाच वायरलेसवर लागला, बापाच्याच डोंगरात गेला.

तासाभरानं दुसरा फोन आला. मेजर प्रांजल बोलत होत्या, लष्कराच्या गुप्तवार्ता विभागातून. उद्या बारा वाजता कऱ्हाडच्या विश्रामगृहावर या म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण त्यात नाही म्हणायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी तो पोचला. रंगुबाई पहाटेच्या एसटीनं येऊन व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर भाकरीचं गाठोडं. आत एक टेबल, एक लॅपटॉप, आणि पस्तिशीच्या आतल्या मेजर. मूळच्या पुण्याच्या, त्यामुळं हे काम त्यांच्या गळ्यात आलं होतं. खोलीतला कूलर नुसताच घरघरत होता म्हणून खिडकी उघडी ठेवलेली.

"हवालदारसाहेब, सरळ सांगते," मेजर म्हणाल्या. "आमच्या वायरलेसवर एक परका आवाज येतोय. मराठी बोलतो. कुठून येतो ते सापडत नाही. तीन रात्री आला. तिसऱ्या रात्री सूरजनं अचानक आपल्या तुकडीला बंकरमधून बाहेर काढलं. तासाभरात तो बंकर तोफेनं उडाला. नऊ माणसं वाचली."

"मग चांगलंच की मॅडम."

"त्याला आधी कसं कळलं? तो म्हणतो, सेटवरच्या माणसानं सांगितलं. म्हणजे पलीकडच्या गोळ्याची वेळ माहीत असलेला कुणीतरी सूरजशी त्याच्या बोलीत बोलतोय. आमच्या कार्यालयात याला एकच नाव आहे. आता ऐका."

त्यांनी बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग वारा. तो वारा लालासाहेबाच्या ओळखीचा होता. बर्फावरून येणारा, नाकात लोखंडाचा वास घालणारा. वाऱ्यामागं कुठंतरी बारीक किणकिण, मेंढराच्या गळ्यातल्या घुंगरासारखी. आणि मग…

"गड्या… ऐकतोस का?"

पुढं शांतता. कुणीतरी उत्तराची वाट बघत असल्यासारखी.

"लांडगा माणगंगेकडनं येतोय… धारंच्या वक्ताला… थोरली वाघर हलीव… गड्या, ऐकतोस का?"

बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं आणि लालासाहेबाचे पाय मात्र गुडघ्यापर्यंत गार पडले.

"वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी, एवढं मी विचारून घेतलं," मेजर म्हणाल्या. "सूरज म्हणतो, मला एवढंच कळलं की लांडगा येतोय, मेंढरं हलवा. म्हणून मी माणसं हलवली. तुम्ही त्याच्या वडिलांबरोबर सेटवर होता. हा आवाज ओळखता?"

ओळखता? त्या आवाजानं लालासाहेबाच्या बिड्या चोरल्या होत्या, त्याला थंडीत शिव्या घालून जागं ठेवलं होतं, त्याच्या लग्नात हलगी वाजवली होती.

"न्हाई मॅडम," तो म्हणाला. "न्हाई ओळखत."

मेजरनी मान हलवली आणि लिहून घेतलं. किणकिण कसली ते आमच्या तज्ज्ञांनाही कळलं नाही, त्या डोंगरात कुणी मेंढरं नेत नाही, असंही म्हणाल्या. लालासाहेब पाणी पिऊन येतो म्हणत उठला.

व्हरांड्यात रंगुबाईनं गाठोडं सोडलं होतं. "दादा, दोन घास खा. तुमी काय जेवून आला न्हाईसा." तिनं भाकरी अर्धी मोडून पुढं केली. पोरगं कोठडीत असलेली बाई ह्याच्या पोटाची काळजी करत होती. त्याला त्या भाकरीकडं बघवेना. स्वतःची इतकी किळस त्याला पूर्वी एकदाच आली होती, आणि ती आजवर गेली नव्हती. हात न लावता तो आत परतला.

"अजून एक आहे," मेजर हळू आवाजात म्हणाल्या. "हे कालच्या रात्रीचं, बारानंतरचं. सूरज कोठडीत असतानाचं. तिथं हे ऐकून काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं."

पुन्हा खरखर. वारा. किणकिण, आता जरा जवळून.

"गड्या… ऐकतोस का?"

शांतता. लालासाहेब मनात मोजत होता. सात… आठ… नऊ… नऊवर आवाज परत आला. तेव्हाही नऊवरच यायचा.

"लांडगा शिद्धनाथाकडनं येतोय… उद्या धारंला… धाकटी वाघर हलीव… गड्या… ह्या खेपंला तरी बोल की रं…"

मेजरनी बटण बंद केलं तरी त्याच्या कानातला वारा थांबेना. आता दोन वाटा होत्या. मघासारखंच न्हाई म्हणायचं, मोटर घ्यायची आणि घरी जायचं. नाहीतर तोंड उघडायचं, आणि मग ह्या टेबलावरून कुठं जावं लागेल ते देवाला ठाऊक. कुठली तरी पोरं त्या धाकट्या चौकीत आत्ता चहा पीत असतील. सूरजएवढीच.

"मॅडम, लिवून घ्या," तो म्हणाला. "शिद्धनाथ म्हंजे डाव्या हाताचा उंच सुळका. माणगंगा म्हंजे खालचा नाला. थोरली वाघर म्हंजे मुख्य चौकी, धाकटी म्हंजे तिच्या फुडची बारकी. धार म्हंजे पहाटंचे चार. ही भाषा आमी दोघांनी बनीवली हुती, नव्व्याण्णव साली, त्याच डोंगरात. कुठल्या कागदावर न्हाई. सूरजला ह्यातलं काय बी ठावं न्हाई, त्यो तवा जन्मला बी नव्हता. आज रात सरताना, चारला, धाकट्या चौकीवर गोळा पडणार हाय. पोरं हलवा."

मेजर त्याच्याकडं बघत राहिल्या. "दोघांनी म्हणजे?"

"मी आनि सिद्धू. सिद्धूचं नाव तिथल्या शहिदांच्या शिळंवर हाय. ऱ्हायलो मी. सूरजला सोडा आनि त्याच्या जागी माझं नाव घाला."

"तुम्ही काय कबूल करताय, कळतंय ना? हे तिसऱ्या कुणाला माहीत नसेल, तर बोलणारे तुम्हीच ठरता. मघाशी तर ओळखत नाही म्हणालात."

"भ्यालो हुतो," लालासाहेब म्हणाला. "तवा बी भ्यालो हुतो."

आणि मग सव्वीस वर्षं न बोललेलं तो बोलला. सिद्धू पुढच्या चौकीत होता, हा मागं सेटवर. पहाटे सिद्धूचा आवाज आला, गड्या, ऐकतोस का? ह्याला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. पण बोलायचं बटण दाबलं की पलीकडच्यांना जागा कळते, आणि आदल्याच दिवशी शेजारचा सेटवाला तसाच गेला होता. बटणावर अंगठा होता, तो दाबला गेला नाही. सिद्धू नऊ मोजायचा आणि परत हाक मारायचा. मागं येऊ का, एवढंच त्याला विचारायचं होतं. अकरा वेळा विचारलं. बाराव्या वेळी काही आलं नाही.

"सेट बंद पडला हुता, असं मी रपोर्टात लिवलं," लालासाहेब म्हणाला. "सेट चालू हुता मॅडम."

मेजरनी पेन खाली ठेवलं. मग बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून कुणाला तरी फोन केला. आत आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "धाकटी चौकी हलवतील. आज घरी जा. गाव सोडू नका. आणि मोबाइल इथंच ठेवा."

लालासाहेब बाहेर आला तेव्हा त्याला कळलं की रंगुबाई मघाशी बसलेल्या जागी नव्हती. ती उघड्या खिडकीखाली बसली होती. सगळं ऐकू येईल अशा जागी. तो तिच्यासमोर खाली बसला. हात जोडले.

"बोलू नगा दादा," ती म्हणाली. "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"ह्येच." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तार यायच्या आधी चार दिस. मी शेरडाची धार काढत हुते. ह्ये दारात हुबं. पायाला बरफ. म्हनलं, लाल्यानं उत्तर दिलं न्हाई. म्हनलं, भ्यालाय गडी, तू राग धरू नगंस… त्यो यील तुझ्याकडं, त्याला ओवाळ."

लालासाहेबाला सव्वीस भाऊबीजा आठवल्या. दर वेळी कपाळाला कुंकू लावताना ह्या बाईचा हात जरा थांबायचा. नवऱ्याच्या आठवणीनं थांबतो असं तो समजत होता. आता तो लहान पोरासारखा रडला, आणि तिनं त्याला रडू दिलं.

रंगुबाईनं गाठोडं बांधलं. मग गाठ हातात तशीच धरून म्हणाली, "आज पहाटं बी आलं हुतं."

"काय… काय म्हनला?"

"म्हनलं, ह्या खेपंला बोलंल लाल्या." ती रस्त्याकडं बघत होती. "म्हनलं, त्यो बोलला की माझी पाळी सपली. मग फुडं त्याची."



दुसऱ्या दिवशी पहाटे चारला धाकट्या चौकीवर गोळा पडला. चौकीत कुणी नव्हतं. सूरजला सोडलं. लालासाहेबाच्या घराची दोनदा झडती झाली. वायरलेस सोडाच, धड चालणारा रेडिओही निघाला नाही. चौकशी कागदावर चालू राहिली. मोबाइल परत आला. त्या वायरलेसवरचा सिद्धूचा आवाज मात्र बंद झाला. मोटर दुरुस्त होऊन विहिरीवर बसली, उसाला पाणी मिळालं. लालासाहेबाला पहिल्यांदाच गाढ झोप लागू लागली, इतकी की बायको म्हणायची, पहाटेचं तुम्हाला हलवलं तरी जाग येत नाही, अंग गार पडलेलं असतं.

लढाई थांबल्याचं टीव्हीवर सांगून झालं होतं. पण डोंगरात ती अशी सांगून थांबत नसते. जूनच्या सुरुवातीला एका सकाळी सूरजचा फोन आला. लालासाहेब विहिरीच्या काठावर बसून दात घासत होता. रात्रभर लाइट नव्हती, अजूनही नव्हती, मोटर गप्प होती.

"मामा, बरं हायसा नव्हं?" सूरज हळू बोलत होता. "तुमाला एक इचारायचं हुतं. रागवू नगा. आज पहाटं तुमी… कुठं हुता?"

"घरी. झोपलो हुतो. का रं?"

"चारच्या सुमाराला सेटवर आवाज आला. लांडगा माणगंगेकडनं, वाघर हलीव. आमी हलवली, समदी वाचली. पर मामा… आवाज त्यो आदीचा, आई बाबांचा म्हन्ती त्यो, नव्हता. तुमचा हुता. आनि मागं पान्याची मोटर चालू असल्यावानी घरघर येत हुती."

लालासाहेबानं विहिरीकडं बघितलं. पाईपच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं आणि खालची माती चांगलीच ओली होती. त्यानं मोटरीवर हात ठेवला. ती कोमट होती.

"मामा? ऐकताय नव्हं?"

"ऐकतोय रं," लालासाहेब म्हणाला. त्याला भीती वाटत होती, पण विचारायचं होतं ते वेगळंच होतं. "त्या आवाजानं… ऐकतोस का म्हून हाक मारली आसंल. तू उत्तर दिलंस का?"

"दिलं की मामा," सूरज म्हणाला. "पैल्याच हाकंला दिलं."