लिफ्टमधली गोष्ट, माझ्या बाजूने

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली, दिवा गेला आणि अंधारात शेजारचा माणूस म्हणाला, "घाबरू नका. मी चष्म्याच्या काचा घासतो. अंधाराशी माझं पहिल्यापासूनच वाकडं आहे."

"मी दात करते," मी म्हणाले.

"काय करता?"

"खोटे दात. पाचव्या मजल्यावर, कवळ्यांच्या लॅबमध्ये."

"मग काळजीच मिटली. कुणी आलंच नाही तर दार चावून उघडू."

मी हसले... आणि माझं हसणं ऐकून मीच दचकले. या शहरात आल्यापासून ते फारसं कानावर पडलंच नव्हतं. दिवसभर तोंडाला मास्क, कानाशी मशीनची घरघर. संध्याकाळी भाड्याची खोली. सकाळी कप जिथे ठेवलेला असेल, तिथेच तो असतो. दुसरं कोण हलवणार?

लिफ्टने खाली एक हिसका दिला आणि माझ्या हातात त्याची बाही आली. तिला काच घासायच्या पावडरीचा वास होता. मी ती सोडली नाही. अंधारात चेहरा दिसत नाही, म्हणून की काय, मी बोलत सुटले. बाबांबद्दल. ते गेले आणि घर दादाचं झालं. दादा-वहिनी वाईट नाहीत, पण आपल्याच घरी पाहुणी म्हणून किती दिवस राहायचं? म्हणून इथली नोकरी धरली... तो मधे एकदाच बोलला – "हं. ऐकतोय मी."

दार उघडलं तेव्हा बाहेर ही गर्दी. उजेडात आम्ही एकमेकांकडे नीट पाहिलंही नाही.

त्यानंतर काही दिवस मी केस जरा बरे बांधले. कशासाठी, ते विचारू नका.

मग एका दुपारी तळमजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत होते, तर खांबापलीकडून त्याचा आवाज आला. मित्रांना गोष्ट सांगत होता. "...बाईंनी बाही अशी धरली, अशी धरली, की म्हटलं, शर्टच देऊन टाकावा. वर म्हणतात, मी दात करते. म्हटलं, संपलो. अंधारात भेटली ती नेमकी दातवाली." टेबल खो खो हसलं.

एक अक्षर खोटं नव्हतं. तरीही त्या गोष्टीतली ती भित्री, चिकट बाई मला ओळखीची वाटेना. मी अर्धा चहा टाकून उठले. वळताना त्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

मी जिन्याने जायला लागले. तिसऱ्या मजल्यावर त्याचं वर्कशॉप. तिथून जाताना मान खाली. वहिनीचा फोन आला, "कशी आहेस गं?" म्हटलं, "मजेत." केस पुन्हा कसेतरी बांधू लागले.

एका दुपारी सगळे जेवायला खाली गेलेले असताना तो लॅबच्या दारात उभा राहिला. "माझं चुकलं."

"चुकलं कुठे? खरं तेच सांगितलंत."

"खरंच होतं. पण माणसांना हसवायचं ठरवलं की गोष्ट तिकडेच कलते."

"तुमच्या गोष्टीत मी बाहेरून दिसते. नुसता एक हात, बाही धरणारा." मी घासत होते तो दात खाली ठेवला. "आता माझ्या बाजूने ऐका. त्या दिवशी सकाळपासून मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. लिफ्ट पडली तर पडली, त्याचं काही वाटत नव्हतं. फक्त पडताना एकटं असायचं नव्हतं... एवढंच."

तो समोर मांडलेल्या कवळ्यांकडे बघत राहिला, जणू त्यांतली एखादी आपल्या वतीने बोलेल.

"त्यातलं एक मी गाळलं," शेवटी तो म्हणाला. "बाही तुमच्या हातात आपसूक आली नव्हती. हात मीच पुढे केला होता. मला बंद जागा सोसत नाही, लहानपणापासून. पाय लटलट कापत होते. तुम्ही धरलंत म्हणून उभा राहिलो. हे सांगितलं असतं तर हसं माझं झालं असतं... म्हणून तुमचं केलं."

मी खाली ठेवलेला दात पुन्हा उचलला.

"तुमच्या बाबांचं मात्र कुणाला सांगितलं नाही. माझ्या तोंडी ते हलकं झालं असतं."

खरंच की. कॅन्टीनमध्ये बाबांचं नावही निघालं नव्हतं.

"मित्रांना आता काय सांगणार?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा. मी शेजारी बसेन. मधे बोलणार नाही."

"जमेल?"

"नाही जमलं तर यातली एक कवळी माझ्या तोंडात कोंबा."

मला हसू आवरेना. तो जायला निघाला, दारापर्यंत गेला आणि पाठमोराच थांबला. "संध्याकाळी... आपण जिन्याने उतरू या? म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

दादा फोनवर म्हणतो, आम्ही बरे आहोत. लॅबमधले संध्याकाळी म्हणतात, आम्ही निघतो, तुम्ही कुलूप लावा. सगळ्यांचं 'आम्ही' माझ्या अलीकडेच संपतं. 'आपण' असं मला धरून कुणी म्हटल्याला इतके महिने झाले होते, की उत्तर द्यायला मला वेळ लागला. तोवर तो तसाच उभा होता – कान लाल झालेले.

"उतरू या," मी म्हणाले. "पण सावकाश. पाचच मजले आहेत."