मिनेसोटाच्या वाटेवरचं होर्डिंग

"काय हो, गाडी बंद पडली का?"

सोलवेगने मान वळवली नाही. मार्चची भुरभुर टोपीवरून तिच्या नाकावर ठिबकत होती आणि दोन्ही हातांतली मोजणीयंत्रं टकटक करत होती.

"गाडी ठणठणीत आहे. मला बोलायला लावू नका, चुकेन..."

"काय चुकेल?"

"मोजणी! झालं, चुकलेच!"

ती वैतागून वळली आणि जरा थबकलीच. रस्त्याकडेला पिकअप लावून एक उंच तरुण भिजत उभा होता. दाढीत हसू दडवायचा त्याचा प्रयत्न साफ फसला होता.

"गाड्या मोजताय?"

"नंबरप्लेटा. डाव्या हातात आपलं विस्कॉन्सिन, उजव्यात नदीपलीकडचं मिनेसोटा राज्य." तिने हनुवटीने वर दाखवलं. पुलाच्या तोंडाशी, महापौरपदाच्या उमेदवार बार्बबाई भल्यामोठ्या होर्डिंगवरून हसत होत्या. "राजकीय समित्या देणग्या गोळा करतात ना, त्या निवडणुकीत कशा खर्च करतात हे तपासून गुण देणं माझं काम. हे होर्डिंग नदीकाठ समितीचं. दिसतं कुणाला? संध्याकाळी पूल ओलांडून घरी जाणाऱ्यांना. घरं कुठे? मिनेसोटात! ते आमच्या ला क्रॉसच्या महापौराला काय डोंबल मत देणार? कुणाचं हे डोकं, देव जाणे."

तरुणाचं हसू मावळलं. त्याने होर्डिंगकडे पाहिलं, मग पुलावर चढणाऱ्या गाड्यांकडे.

"हो की..." तो पुटपुटला. मग म्हणाला, "उजवा हात द्या तुमचा... म्हणजे, हातातलं यंत्र हो! मिनेसोटा मी मोजतो."

बिचाऱ्याचं बोट त्या संध्याकाळी दुखून आलं असणार. सोलवेगच्या डाव्या हाताला मात्र फारसं काम नव्हतं, म्हणून तिला त्याच्याकडे बघायला भरपूर वेळ मिळाला.

नाव एमेट. दुसऱ्या दिवशी तो कॉफी घेऊन हजर, तिसऱ्या दिवशी कॉफी आणि तळलेल्या चीजच्या गरम गोळ्यांचा पुडा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. प्रेमात पडणाऱ्याला आडनाव विचारायचं सुचत नाही. तपासणाऱ्या बाईला खरं तर सुचायला हवं होतं.

"तू रोज कसा रिकामा असतोस रे?" तिने विचारलं.

"रिकामा कुठे? मिनेसोटा मोजतोय."

"आणि मिनेसोटा सोडून माझ्याकडे बघतोयस ते?"

"ते... ते विस्कॉन्सिन. माझ्या खात्यात नाही, पण बघायला परवानगी लागते का?"

ती हसली तसा तो एकदम गंभीर झाला. खिशात हात घालून, बुटाने खडी उकरत उभा राहिला.

"सोलवेग, ते डोकं... देव एकटाच जाणतो असं नाही. मीही जाणतो. ते माझंच."

"तुझं?"

"एमेट पावेल्स्की. नदीकाठ समितीचा प्रचार मीच बघतो. जागा बघायला आलो ती संध्याकाळी पाचला. ही गर्दी गाड्यांची! मी खुशीत तिथेच होकार देऊन टाकला. नंबरप्लेट बघायचं सुचलंच नाही."

सोलवेगचे कान तापले. "आणि ही कॉफी? गुण वाढवायला?"

"गुण तर पहिल्याच दिवशी गेले होते. मला फक्त तुझ्या शेजारी उभं राहायचं होतं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण मग तू यंत्र काढून घेतलं असतंस..."

"काढून घेतेच आहे!" ती म्हणाली, आणि यंत्र हिसकावून तरातरा निघून गेली.

राग आला होताच, पण त्याहून मोठी पंचाईत पुढे होती. तिच्या संस्थेचा दंडक कडक होता. ज्या समितीची तपासणी करायची, तिच्या माणसाशी काही नातं जुळलं, साधी कॉफी जरी घेतली, तरी अहवालवाचनाच्या दिवशी देणगीदारांसमोर उभं राहून ते सांगायचं आणि त्या समितीचे गुण दुसऱ्याच्या हाती सोपवायचे. सांगावं तर गावभर हसं आणि ज्या प्रकरणासाठी ती रोज पावसात भिजली, तेच हातातून जाणार. लपवावं तर तिच्या कुठल्याच अहवालाला उद्या कुणी विचारणार नाही. आणि एमेट? गुण घसरले की देणगीदार पाठ फिरवणार, त्याची नोकरी जाणार. आता हा फोन करणार, सांभाळून घे म्हणणार, अशी तिने वाट पाहिली. फोन आला नाही. एवढाच निरोप आला : 'जे दिसलं तेच लिही.'

तो वाचून तिला रडूही आलं आणि हसूही. हा माणूस तिला आवडला होता, अगदी मनापासून आवडला होता, आणि यात आता लपवण्यासारखं काय उरलं होतं?

ती थेट अर्डिसबाईंच्या टेबलापाशी गेली. संस्थेच्या या प्रमुख चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "प्रकरण ठेव इथे. गुण मी देईन. पण उभं राहून सांगायचं तुलाच, पोरी. मी नाही सांगणार."

वाचनाच्या संध्याकाळी ग्रंथालयाचं सभागृह भरलं होतं. एमेट शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता. नदीकाठ समितीची पाळी आली तशी सोलवेग उठली.

"नियमानुसार जाहीर करते. या समितीच्या माणसाकडून मी दोनदा कॉफी आणि एक पुडा चीज घेतलं. आणि... तो माणूस मला आवडतो. फार आवडतो. त्यामुळे हे गुण मी दिलेले नाहीत."

सभागृहात हशा पिकला. अर्डिसबाईंनी शांतपणे पान उलटलं. "होर्डिंगला शून्य," त्या म्हणाल्या. "ही निदान रंगसंगतीचे दोन देणार होती. समितीला काही हरकत?"

सगळ्या माना मागे वळल्या. नदीकाठचे देणगीदार कपाळाला आठ्या घालून बसले होते. एमेट भिंतीपासून पुढे आला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"शून्य मान्य आहे," तो म्हणाला. "होर्डिंग उद्या उतरवतो, आणि तुम्ही मला कामावर ठेवलंत तर उरलेल्या दिवसांत दारोदार स्वतः फिरतो." मग त्याने सोलवेगकडे पाहिलं. "आणि त्याच्या आधी जे जाहीर झालं... तेही मान्य. समितीचं ठाऊक नाही, माझ्यातर्फे."

"मग बसा खाली," अर्डिसबाई म्हणाल्या, "पुढची समिती खोळंबलीय."

सोलवेगने शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली, आणि तो सगळ्या सभागृहादेखत चालत येऊन तिथे बसला.