गुणवंतकाकांचा न वाजणारा खोका

"मिहिका, फ्रिजमध्ये बघितलंस का?"

"आई, पासपोर्ट फ्रिजमध्ये कोण ठेवेल?"

"बाबांनी एकदा टीव्हीचा रिमोट ठेवला होता!" दहा वर्षांचा रोनित म्हणाला आणि त्याने खरंच भेंडीची पिशवी उपसायला सुरुवात केली.

दुबईच्या करामा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये तासभर हाच गोंधळ चालला होता. रोनितच्या ताईने, म्हणजे तेरा वर्षांच्या मिहिकाने, फ्रेंच निबंधस्पर्धेत दुबईतल्या सगळ्या शाळांमधून पहिला नंबर पटकावला होता. बक्षीस काय, तर आईबरोबर फ्रान्समधल्या ल्यों शहरात एक आठवडा! विमान उद्या सकाळी आठचं. आणि दोघींचे व्हिसा लागलेले पासपोर्ट ज्या खाकी पाकिटात बाबांनी काल संध्याकाळी टॅक्सीने आणले, ते पाकीटच गायब!

"टॅक्सीतच राहिलं असणार," असं म्हणून बाबा टॅक्सी कंपनीकडे धावले होते. आज शनिवार, म्हणजे वकिलात बंद. उघडणार थेट सोमवारी. तोवर विमान केव्हाच उडून गेलेलं!

मिहिका रडत नव्हती. ती भिंतीवर चिकटवलेल्या नकाशाकडे बघत होती. तो तिनेच काढला होता. ल्योंमध्ये जुन्या घरांच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणाऱ्या वाटा असतात. त्यांना म्हणतात त्राबूल. पूर्वी विणकर रेशमाचे तागे घेऊन त्यांतून जायचे, म्हणजे पाऊस आला तरी रेशीम कोरडं! कुठल्या दारातून शिरायचं, कुठल्या अंगणात निघायचं आणि मग कुठे गुलाबी बदामांचा टार्ट खायचा, हे सगळं तिने लाल पेनाने लिहून ठेवलं होतं. सहा महिने ती रोज त्या नकाशावर बोट फिरवायची.

"जाऊ दे," ती हळूच म्हणाली. "नकाशा तर आहे."

रोनितला ते ऐकवेना. "नो वे! शोधू या ना! ...आणि माझी एक चप्पल पण गेलीये!"

"तुझ्या चपलेचं काय घेऊन बसलास?" आई वैतागली.

"एक मिनिट!" दारातून आवाज आला. शेजारची इशिता आत येत होती, मिहिकाची मैत्रीण. "काकू, आणखी काय काय गेलंय?"

आईने टेबलाकडे पाहिलं. "अगं खरंच... विणलेला टेबलमॅट दिसत नाही. आणि पुसायचं फडकंसुद्धा."

"एक चप्पल, एक मॅट, एक फडकं, एक पाकीट," इशिताने बोटांवर मोजलं. "असा कुठला चोर असतो?"

मिहिका टेबलाखाली वाकली. तिथे जुन्या वर्तमानपत्रांची चळत जशीच्या तशी होती. काल तिनेच ती काढून ठेवली होती, इशिताच्या बाबांसाठी, म्हणजे गुणवंतकाकांसाठी. त्यांच्याकडे एवढं मोठं टेबल नव्हतं, म्हणून सकाळी त्यांनी याच टेबलावर त्यांचा कार्गोचा खोका भरला होता. बोटीने नागपूरला त्यांच्या आईकडे जाणारा खोका! दुधाची पावडर, बाम, साबण, खजूर.

"इशिता," ती म्हणाली, "काकांनी रद्दी वापरलीच नाही. मग खोक्यातल्या फटी कशाने भरल्या?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

गुणवंतकाकांचं खोका भरणं म्हणजे अख्ख्या बिल्डिंगमध्ये कौतुकाचा विषय. "खोका वाजला की माल फुटला!" हे त्यांचं ब्रीदवाक्य. फट दिसली की काकांचा हात शिवशिवायचा, आणि डोळे वर न करता ते आजूबाजूला जे लागेल ते कोंबायचे. गेल्या वर्षी इशिताचं प्रगतिपुस्तक असंच नागपूरला जाऊन आलं होतं!

तिघंही शेजारी धावली. काका बनियनवर सोफ्यात पसरले होते.

"मी? मी पासपोर्ट कोंबीन?" काका भडकले. "वीस वर्षं गल्फमध्ये काढली आहेत मी! मी त्या पाकिटाला हातसुद्धा लावला नाही. आणि त्या ल्योंला जाऊन करायचंय काय? फ्रेंच लोकांना जेवणातलं काय कळतं? मेतकूट घेऊन जा सोबत. चला, झोपू द्या मला!"

"बाबा कबूल करणार नाहीत," बाहेर आल्यावर इशिता कुजबुजली. "आधी दुकान गाठू. यल्ला, चला!"

त्यांच्या बिल्डिंगच्या मागे, लॉन्ड्री आणि सलूनच्या मधून, एसीचं पाणी ठिबकणारा एक अरुंद बोळ होता. मुलींनी त्याचं नाव ठेवलं होतं 'आपला त्राबूल'. त्यातून कार्गोचं दुकान दोन मिनिटांवर! उन्हात भाजत, धापा टाकत तिघं पोहोचली.

"वो खोका? वो तो गया," दुकानवाले हनीफभाई म्हणाले. "ग्यारह बजे गाडी जबल अली बंदर के गोदाम निकल गयी. पाँच बजे कंटेनर को सील लगेगा, फिर खलास! महीने बाद इंडिया में मिलेगा."

घड्याळात साडेतीन! बाबांचा फोन लागत नव्हता, आणि गाडी होती फक्त गुणवंतकाकांकडे.

"ते नाही उठणार," मिहिकाचा चेहरा पडला.

"उठतील," इशिता डोळे बारीक करून म्हणाली. "लीव्ह इट टू मी!"

ती घरात शिरली आणि जोरात म्हणाली, "बाबा, हनीफभाईंच्या दुकानात जाऊन आलो. जबल अलीला खोके चढवताना कसे आपटतात ना! तुमच्या गाठी सुटल्या तर?"

काका ताडकन उठून बसले. "माझ्या गाठी? सुटतील?"

"आणि सुटल्या तर दुसरं कुणीतरी बांधणार. कशीही!"

काकांनी शर्ट उलटा चढवला आणि गाडीची किल्ली उचलली!

शेख झायेद रोडवरून गाडी सुसाट निघाली. काका दोरीबद्दल बोलत होते, इशिता माना डोलवत होती आणि मिहिका खिडकीला नाक लावून मनातल्या मनात देवाला विनवत होती.

गोदामात पाऊल टाकलं आणि तिची उरलीसुरली आशाही डळमळली. खोक्यांचे डोंगर! सगळे सारखे, सगळ्यांना निळी दोरी.

"नागपूरवाली लाइन उधर," गोदामाचे तय्यबभाई म्हणाले. "लेकिन नाम और गाँठों की साइड अंदर है, और टाइम है दस मिनट. एक खोका निकालने दूँगा, बारह नहीं!"

एकच! आणि चुकला तर? मिहिकाने डोळे मिटले. मग तिला आठवलं. खोका वाजला की माल फुटला!

"रोनित, हलव एकेक!"

पहिला खोका... खडखड! दुसरा... खुळखुळ! तिसऱ्यात काहीतरी गडगडलं. रोनित घामाने निथळत होता. नववा खोका त्याने हलवला. पुन्हा हलवला. काहीच नाही. अगदी चिडीचूप.

"हाच!" तिघं एकदम ओरडली.

तय्यबभाईंनी खोका ओढून काढला. पुढे नाव होतं, गुणवंतकाकांचं. काकांनी अभिमानाने गाठी दाखवल्या. "बघा, एक तरी सुटली का?"

"बाबा, आता सोडा," इशिता म्हणाली.

खोका उघडला. साबणांच्या मधे रोनितची चप्पल. बामच्या बाटल्यांभोवती टेबलमॅट आणि फडकं. आणि दुधाच्या डब्याच्या बाजूला, फटीत चपखल बसवलेलं खाकी पाकीट!

मिहिकाने ते छातीशी धरलं आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही. काका खाली बसले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"पोरी, तुझी सहा महिन्यांची मेहनत मी बोटीवर चढवली असती गं," ते म्हणाले. "चुकलो मी."

"बच्चे तो उस्ताद निकले!" तय्यबभाईंनी रोनितची पाठ थोपटली. तेवढ्यात काकांच्या मोबाइलवर बाबांचा फोन आला. त्यांनी सगळी हकिकत ऐकली. मग म्हणाले, "मी अख्ख्या दुबईच्या टॅक्स्या शोधल्या, आणि या पोरांनी टेबलाखालची रद्दी बघितली! शाबास रे!"

परत निघताना काकांनी खोका पुन्हा भरला. या वेळी गोदामातल्या रद्दीने, आणि प्रत्येक कागद मुलांना दाखवून.

दोन आठवड्यांनी काकांच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये एक पोस्टकार्ड आलं. त्यावर होता दगडी कमानींचा एक लांब, अंधारा बोळ आणि टोकाला उन्हाचा चौकोन. मागे मिहिकाचं अक्षर होतं.

"गुणवंतकाका, आज मी पहिल्या त्राबूलमधून चालले. गुलाबी टार्ट खाल्ला, आणि आईने त्यासोबत तुमचं मेतकूटही खाल्लं! इथे दोन घरांच्या मधे फट आहे, पण चारशे वर्षांत कुणीच तिच्यात काही कोंबलं नाही. म्हणून तर मला पलीकडे जाता आलं."

काकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि पोस्टकार्ड जपून शर्टाच्या खिशात ठेवलं.