दुधाची वही

पटो न पटो, यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. ज्या वहीबद्दल सांगणार आहे, ती मी स्वतः हातात घेऊन पाहिली आहे. माझं बाळ झोपलंय तोवर लिहून टाकते.

माझी मावसबहीण ऋजुता. टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहते. गोष्ट गेल्या डिसेंबरची. आणि वेळ रात्रीची नाही...

भर दुपारची.

तिची लेक क्षिप्रा तेव्हा सहा महिन्यांची. वजन काही केल्या वाढत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलेलं, "प्रत्येक दूध लिहून ठेवा." म्हणून ऋजुताने वही केली. कधी पाजलं, कधी झोपली, कधी उठली, सगळं त्यात.

बाळंतपणाची रजा संपलेली. एका ऑनलाइन क्लाससाठी ती घरून धड्यांचे व्हिडिओ एडिट करायची. बाळ आतल्या खोलीत झोपलं की हेडफोन लावायचा, उठलं की काढायचा. या कामासाठी तिच्या नवऱ्याने, साकेतने, स्वतः कॉम्प्युटर जोडला. एकेक पार्ट जमवून. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या. एक नवी. दुसरी वापरलेली, माजिवड्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून आणलेली.

चार दिवस मशीन नीट चाललं.

पाचव्या दुपारी स्क्रीन निळी झाली... आणि सगळं बंद.

ऋजुताने चडफडत हेडफोन काढला. घरात चिडीचूप. मिनिटभराने आत क्षिप्रा रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

"हा कॉम्प्युटर नाही, तुझा जुगाड आहे," ती साकेतवर वैतागली. "पुढच्या सोमवारी काम द्यायचंय मला. नाही दिलं तर नोकरी गेली समज."

"अगं, टेन्शन नको घेऊस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बंद पडला की वेळ लिहायची. सापडतो प्रॉब्लेम."

वेळ लिहायला हाताशी तीच वही होती.

विंडोज नव्याने टाकलं. बंद पडला.

पॉवर सप्लाय बदलला. अर्थिंग तपासून घेतलं. खोडरबराने रॅमच्या पट्ट्यांची सोनेरी टोकं घासली...

बंद पडला.

बिघाड सुरू झाल्यापासून आठव्या दिवशी वही चाळताना तिचा हात थबकला.

मशीन बंद २:१०. क्षिप्रा उठली २:११.

मशीन बंद ११:३७. क्षिप्रा उठली ११:३८.

प्रत्येक वेळी मशीन आधी. बाळ एका मिनिटाने.

"योगायोग असतो गं," साकेत हसला. शनिवारी त्याने जुनी पट्टी काढली. कॉम्प्युटर तीन तास मस्त चालला. मग नवी काढून जुनी लावली, आणि तो भाजी आणायला खाली गेला.

दोन वाजून दहा मिनिटांनी स्क्रीन निळी झाली.

ऋजुता कान देऊन बसली. आता रडेल...

एक मिनिट गेलं.

दुसरं गेलं.

रडणं नाही. कसलाच आवाज नाही.

ती धावली. उशाशी ठेवलेली ओढणी क्षिप्राच्या तोंडाभोवती गुंडाळली गेलेली. ओठ काळेनिळे. तिने ओढणी खेचून काढली, तेव्हा कुठे बाळाने श्वास घेतला आणि टाहो फोडला.

साकेत परत आला तेव्हा तिने क्षिप्राला छातीशी धरून ठेवलेलं.

"उद्या माजिवड्याला जायचं. ही पट्टी कुणाची होती, मला कळायला हवं."

दार उघडलं ते त्याच म्हाताऱ्या गृहस्थांनी, अण्णांनी. सत्तरीचे, एकटेच.

"परत करताय का?"

"नाही अण्णा. तो कॉम्प्युटर कोण वापरायचं?"

त्यांनी दोघांना आत बसवलं.

"माझी सून. रसिका. घरूनच काम करायची. एका दुपारी बाळ आत झोपलेलं, हिच्या कानाला हेडफोन. बाळाच्या घशात दूध अडकलं... हिला ऐकूच गेलं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "मग तिचा एकच धोशा. अण्णा, तेवढ्यात मशीन बंद पडायला हवं होतं हो. मी उठून गेले असते..."

"आता कुठे असतात त्या?"

अण्णांनी भिंतीकडे पाहिलं. फोटोला हार होता.

ऋजुताने पट्टी परत केली नाही. जिने आपलं बाळ वाचवलं, ती परत कशी करायची? घरी येऊन पट्टी पुन्हा बसवली आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हळदकुंकू वाहिलं. पुढ्यात ब्लाउजपीस, तांदूळ, नारळ ठेवला.

"कॉम्प्युटरची ओटी भरतेयस?" साकेतने कपाळाला हात लावला. "ऑफिसात सांगितलं तर हसतील लोक!"

ती नाही हसली. हात जोडून म्हणाली, "ताई, माझ्या लेकीवर अशीच माया असू दे. तुमचीच समजा."

इथेच चुकलं.

दुसऱ्या दिवसापासून मशीन एकदाही बंद पडलं नाही. सोमवारचं काम वेळेत गेलं. क्षिप्रा दुपारी रडून उठेनाशी झाली. झोपेत खुदुखुदु हसायची. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "सटवाई हसवते गं. चांगलं असतं."

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी वजन केलं.

"वा! दुपारचं दूध वाढवलंत ना?"

नव्हतं वाढवलं. क्षिप्रा शांत झोपायला लागल्यापासून तिने वहीत लिहिणं सोडलं होतं. जुन्या नोंदी दाखवायला म्हणून उघडली...

२:१०. दूध घेतलं. पोटभर.

खाली दुसऱ्या तारखेला, २:१०. दूध घेतलं. पोटभर.

रोज. ओटी भरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज.

अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. ऋजुताचं नाही. साकेतचं नाही. आणि दुपारी घरात तिसरं कुणी नसतं.

त्याच संध्याकाळी दोघं पट्टी घेऊन माजिवड्याला गेले. अण्णांपुढे वही धरली. त्यांनी अक्षरावरून नुसतं बोट फिरवलं... आणि पट्टी ठेवून घेतली.

कॉम्प्युटर आजही उत्तम चालतो. पण ऋजुताने ते काम सोडलं. वही माळ्यावर बांधून टाकलीय. दुपारभर ती क्षिप्राला मांडीवरून खाली ठेवत नाही.

तरी दोन वाजून गेले आणि ती पाजायला लागली, की क्षिप्रा तोंड फिरवते. पोट भरलेलं असल्यासारखी.

ओठांच्या कडेला दुधाचा ओघळ असतो...

ऋजुताने अजून पाजलेलंच नसतं.

हे ऐकल्यापासून मी "माझ्या बाळावर लक्ष ठेव" असं कुणालाच म्हणत नाही. देवापुढेसुद्धा नाही.