बराक चारचं पाणी

"तुमचा मुलगा चोर आहे की नाही, ते मला सांगू नका. त्याचा निकाल न्यायालय लावेल," हेमा पटवर्धन म्हणाली. "माझ्याकडे कशाला आलात, ते बोला."

तेजसने कपाळाला हात लावला. गिऱ्हाईकाचं असं स्वागत करणारी गुप्तहेर बुधवार पेठेतच सापडावी! त्याची अमेरिकन कंपनी बुडाली, म्हणून काँप्युटर सोडून तो तात्पुरता इथे मदतनीस म्हणून चिकटला होता. या बाईंपुढे आपलं डोकं चालत नाही, हे त्याला एव्हाना कळून चुकलं होतं.

समोरच्या मालनबाईंना मात्र राग आला नाही. त्या बिबवेवाडीत धुणीभांडी करत.

"पाण्यासाठी आले, बाई," त्या म्हणाल्या.

त्यांचा रामदास शहराबाहेरच्या तुरुंगात कच्चा कैदी होता. त्याच्या बराकीतली माणसं संडासाशेजारच्या उघड्या हौदातलं पाणी पीत आणि पोट धरून तळमळत. रामदासने थेट उच्च न्यायालयाकडे अर्ज धाडला. आणि नवल असं की, एवढ्या मोठ्या न्यायालयाने त्या फाटक्या माणसाचा अर्ज याचिका म्हणून दाखल करून घेतला! पाहणीसाठी आनंद कोपरकर नावाचे वकीलही नेमले.

"तुरुंगवाले म्हणत्यात, दोन वर्षांपासून पंप हाय, नळ हायत. माझं पोरगं खोटारडं." मालनबाई पुढे सरकल्या. "याचिका फेटाळली की त्याला लांबच्या जेलात धाडतील. अन् बाकीचे तेच पाणी पीत राहतील."

पाहणीच्या दिवशी रामदासच्या वकिलांच्या वतीने हेमा आणि तेजस तुरुंगात हजर झाले. फाटकावर नागोराव हवालदाराने दोघांच्या हातावर ओल्या खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"प्रसाद आहे. नाही म्हणू नका."

तेजसने तो लगेच तोंडात टाकला. खोबरं गोड, दुधाळ होतं. हेमाने आपला तुकडा रुमालात बांधला.

आत तुरुंगाधिकारी सर्जेराव कोपरकरांना मोठ्या तोऱ्यात सगळं दाखवत सुटले. हे हातमाग, ही पिठाची चक्की, ही जीप. दसऱ्याला वाहिलेल्या झेंडूच्या माळा वाळून काळ्या पडल्या, तरी प्रत्येक यंत्रावर तशाच लोंबत होत्या. संक्रांत उलटली तरी त्या काढायची तसदी कोणी घेतली नव्हती.

बराक चारबाहेर पंप धडधडत होता. अंगभर गंज, रंगाचे पोपडे. पंख्याच्या झाकणावर कुंकवाचं लालभडक स्वस्तिक होतं.

"नवा वाटतो का हा?" सर्जेरावांनी विचारलं.

"छे! चांगला जुना आहे," तेजस बोलून गेला आणि हेमाच्या नजरेने गप्प झाला.

"हे कुंकू कधीचं?" हेमाने विचारलं.

"दसऱ्याचं. त्या दिवशी सगळ्याच यंत्रांची पूजा होते."

कोपरकरांनी कैद्यांना विचारलं, "पंप कधीपासून आहे?"

"दोन वर्षं, साहेब," एकेक जण मान खाली घालून म्हणाला.

एकटा रामदास ताठ उभा होता. "काल आणला. आज सकाळी चालू केला."

तेजसला त्याची कीव आली. गंज काही एका रात्रीत चढत नाही. बिचाऱ्याची याचिका बुडालीच म्हणायची!

कचेरीत कोपरकरांनी अहवाल लिहायला घेतला, तेव्हा हेमा म्हणाली, "नागोरावांना बोलवा. एकच प्रश्न आहे."

हवालदार आले. हेमाने रुमाल सोडून खोबरं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"नागोराव, हा कोणत्या देवाचा प्रसाद?"

"मारुतीचा, दुसरा कोणाचा?" सर्जेराव मध्येच बोलले.

"तुम्हाला नाही विचारलं," हेमा शांतपणे म्हणाली आणि कोपरकरांकडे वळली. "साहेब, पंप जुना आहे, पण या जागी नवा आहे. गंजका पंप शोधून आणण्याइतकं डोकं यांनी चालवलं, पण इथंच यांचं घोडं पेंड खातंय. दसऱ्याला जीप, चक्की, माग, सगळ्यांना माळ मिळाली. हा एकटाच पोरका कसा? आणि पाण्याच्या शिंतोड्यांत दसऱ्याचं कुंकू आजवर इतकं लाल राहतं? जागेवर बसवलेलं यंत्र आपला माणूस नारळ वाढवल्याशिवाय चालू करत नाही. आणि वाढवलेला नारळ एकटा खात नाही. खोबरं आज सकाळचं आहे. विटलेलं नाही, सुकलेलं नाही."

नागोरावांनी खोबऱ्याकडे पाहिलं. साहेबाच्या हुकुमाने ते जगाशी खोटं बोलले असते, पण प्रसाद हातात असताना जीभ वळेना.

"पंपाचा आहे," ते पुटपुटले. "आज सकाळी मीच नारळ वाढवला. कैद्यांनाही वाटला."

कोपरकर तडक बराकीकडे निघाले. हवालदारच खरं बोलल्याचं कळल्यावर कोणाला काही विचारावं लागलं नाही. एक म्हातारा कैदी उठला, आडोशाला टाकलेले पत्रे त्याने बाजूला ओढले. खाली हौद होता. वास येताच तेजसने नाक दाबलं. म्हाताऱ्यामागे दुसरा उठला, मग तिसरा, मग सगळी बराक उभी राहिली आणि प्रत्येक जण खरं बोलू लागला. भ्यालेली माणसं अशी एकदम निर्भय होताना तेजसने कधी पाहिली नव्हती.

बाहेर फाटकापाशी मालनबाई उन्हात बसल्या होत्या.

"मावशी, रामदास खरा ठरला," तेजस म्हणाला. पुढचं सांगताना त्याला अवघडल्यासारखं झालं. "पण घरी नाही येणार तो. चोरीचा खटला वेगळा आहे. कोपरकर साहेब म्हणाले, जिवाला भीती असेल तर चांगल्या जेलात हलवतो. त्याने नको म्हटलं. नळ खरोखर चालू झालेले बघेन, मगच हलेन, म्हणाला."

मालनबाईंनी पदराने डोळे पुसले.

"मीच सांगितलं हाय तसं त्याला," त्या म्हणाल्या. "आजाऱ्यांना सोडून येऊ नको म्हणून."

भर रस्त्यात वाकून तेजसने त्यांच्या पायांना हात लावला.