पंख्याचे नट

झरीच्या ओढ्याच्या उतारावर उद्धव पडला होता. जमादार किशनराव पोचले तेव्हा जीव गेलेला होता. रेसिंग सायकल शेजारीच होती, पुढचं चाक मात्र निखळून बाभळीपाशी गेलं होतं. चाकाचा एकच नट उरला होता, तोही ढिला. त्याच्यावर पिवळा डाग होता.

सायकल जुनी, विलायती. उद्धवचे वडील दत्तराव गुरुजी यांनी ती तरुणपणी सिकंदराबादेत, मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतली होती. खाली वळलेलं हँडल, बोटभर टायर, आणि चाकांना पान्याशिवाय हातानंच पिळायचे पंख्याचे नट. तिच्यावरूनच उद्धव परभणीच्या शर्यतीला निघाला होता.

गावानं संशयित धरूनही ठेवला होता. मुंजाजी, गेल्या साली उद्धवकडून हरलेला. सकाळी तो गुरुजींच्या अंगणात सायकलीपाशी वाकलेला दिसला होता. किशनरावांनी त्याला चावडीत गाठलं.

"काय करायलतास तिथं?"

"हवा भरली, साहेब. उद्धवनंच सांगितलं होतं."

"दोन्ही चाकांत?"

"मागच्याच. पुढचं चाक नव्हतंच तवा. उद्धव न्हाणीत होता, मी निघून आलो."

किशनराव तसेच गुरुजींच्या घरी गेले.

"पुढचं चाक कुणी काढलं होतं, गुरुजी?"

"मीच. परीक्षा तोंडावर आलेली. जाऊ नये म्हणून कोठीत ठेवलं होतं."

उद्धवची आई सगुणाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या अंगठ्याला हळदीची चिंधी होती.

"हाताला काय झालं, बाई?"

"काल विळी लागली."

किशनराव परत जायला दारापर्यंत आले. पण चावडीत मुंजाजी होता, आणि बाहेर लोक काठ्या घेऊन बसले होते.

"नटावर हळद हाय," ते हळू बोलले. "उद्धव न्हाणीत असताना तुमी चाक कोठीतून आणून बसवलं. बाप-लेकात भांडण नको म्हणून. चाक काढलं होतं हे त्याला कळलंच न्हाई, म्हणून त्यानं नट तपासले न्हाईत. आन् दुखऱ्या अंगठ्यानं ते घट पिळले गेले न्हाईत."

"म्या लय जोर लावला होता, साहेब," ती म्हणाली.

गुरुजी उठले. "माझं नाव लिहा. काढलं मीच होतं."

"न्हाई. मलाच घेऊन चला," सगुणाबाई म्हणाली.

"कुठं न्यावं, बाई?" किशनराव म्हणाले, आणि मुंजाजीला सोडायला चावडीकडे निघाले.