आवाजाचा नॉब

चार इमली वसाहतीतल्या त्या सरकारी बंगल्यात काहीही बिघडलं तरी बाहेरचा माणूस दुरुस्तीला येत नसे. विश्वासराव देशकर वीज खात्यात इंजिनिअर, मूळचे नागपूरचे, आणि दुसऱ्याच्या हातचं काम त्यांना बघवायचं नाही. मिक्सर असो की कूलरचा पंप, जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरून त्याची चिरफाड व्हायची, आणि त्यांच्या पत्नी वसुधाताई बिचाऱ्या तोवर ताटं ओट्यावर वाढायच्या.

त्या रविवारी दुपारी पेपरावर लेकीची, स्वरदाची इलेक्ट्रिक गिटार होती. जवाहर चौकातून जुनी घेतलेली, आणि तिचा आवाज कमी-जास्त करायचा नॉब ढिला. कधी तो आतल्या दांडीला धरून फिरायचा, कधी नुसताच गरगर. संध्याकाळी कॉलेजच्या कार्यक्रमात स्वरदा स्वतः रचलेलं गाणं पहिल्यांदा चारचौघांत म्हणणार होती. त्या गाण्यासाठी पोरीने जिवाचं रान केलं होतं. पाच वाजता चिन्मय, तिच्याबरोबर वाजवणारा मुलगा, तिला न्यायला येणार होता.

"बाबा, दुकानवाले भैया म्हणत होते, दांडीला जरासा टेप लपेट दो, बस," स्वरदा म्हणाली.

"असला जुगाड आपल्या घरात चालत नाही. तू जा, गाणं पक्कं कर."

ती आतल्या खोलीत जाऊन गाऊ लागली. गिटार कशालाच जोडलेली नव्हती. तिची वायर आणि स्पीकर सकाळीच कॉलेजात पोचले होते.

विश्वासरावांनी नॉब चिमटीत धरून जरा डावीकडे फिरवला. आतलं गाणं एकदम दबलं. पोरीने दार लोटलं असेल, असं म्हणून त्यांनी नॉब उजवीकडे आणला, तर गाणं पुन्हा स्वच्छ. त्यांनी मान वळवून पाहिलं. दार सताड उघडं होतं आणि स्वरदा आपल्या जागेवर बसून गात होती.

"आवाज का खालीवर करते आहेस गं?"

"कुठे? मी सरळच म्हणतेय."

कूलरचा घुर्र आवाज चालू होता. स्वयंपाकघरात कुकर शिट्टीवर आला होता. मागे कुठेतरी मोर ओरडला. हे सगळं जसंच्या तसं ऐकू येत होतं, म्हणजे कानांत दोष नव्हता. विश्वासराव तसे सहज भुलणारे गृहस्थ नव्हेत. त्यांनी स्वरदाला समोर बोलावलं.

"म्हण बरं इथे. पहिली ओळ."

ती गाऊ लागली. तिला दिसणार नाही अशा बेताने त्यांनी अंगठ्याने नॉब फिरवला. तिचा आवाज विझत गेला. तोंड तेवढंच उघडं, गळ्याची शीर तेवढीच ताणलेली, आणि ऐकू येत होती फक्त कुजबुज. अंगठा परत फिरवला तसा आवाज वर आला.

स्वरदाने गळ्याला हात लावला. "बाबा, गळ्यात काहीतरी सरकल्यासारखं वाटलं."

"कूलरची हवा खाऊ नकोस. गरम पाणी पी."

ती आत जाऊन पुन्हा गाऊ लागली. विश्वासरावांना घाम आला होता. आता खरं तर गिटार तशीच पेटीत ठेवून द्यायची. पण इतकी वर्षं हाताखालच्या माणसांना ते एकच गोष्ट घोकवत आले होते: आधी शून्यावर आणा, मग हात लावा. नॉब काढायचा तर तो शून्यावर न्यायला हवा. बोट क्षणभर अडलं. भलतंच काय, असं स्वतःला दटावून त्यांनी तो शून्यावर नेला आणि उपटून काढला.

आतलं गाणं थांबलं. पाणी पीत असेल, विश्वासराव मनाशी म्हणाले.

त्यांनी दांडी पुसली आणि तिच्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सोडला. थेंब जरा मोठा पडला. दांडीवरून ओघळून तो खालच्या भोकात उतरला. त्यांनी नॉब दाबून बसवला आणि जरा वेळ धरून ठेवला. मग उजवीकडे फिरवून पाहिला.

हलला नाही.

आतली दांडीच जाम झाली होती. त्यांनी जोर लावला. बोटं पांढरी पडली. नॉबवरचा शून्य होता तिथेच राहिला.

स्वरदा दारात आली. तिचे ओठ हलले. ती काय म्हणतेय ते त्यांना ओठांवरून कळलं, कारण दुपारपासून तिने तेच तर दहादा विचारलं होतं: बाबा, झालं का?

आवाज आला नाही.

तिने पुन्हा विचारलं. मग तिचे डोळे मोठे झाले आणि दोन्ही हात गळ्याशी गेले.

"स्वरदा, अगं, चहा घेणार का?" वसुधाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "बोल ना काहीतरी. अहो, ही बोलत का नाही?"

विश्वासरावांनी पक्कड घेतली. नॉब पकडला, पिळला. काहीतरी कडकन तुटलं आणि नॉब तुटक्या दांडीसकट त्यांच्या हातात आला. गिटारीवर एक काळं भोक उरलं.

फाटकाशी स्कूटरचा हॉर्न वाजला.

स्वरदा टेबलाला धरून उभी होती. तिने मान हलवली, नाही, नाही. मग तिने ओठ घट्ट मिटले.

विश्वासरावांनी खाली वाकून त्या भोकाला कान लावला. लाकूड गार होतं. आतून, फार खोलवरून, त्यांची लेक हळूच विचारत होती:

"बाबा, झालं का?"